पीसीआरचं गणित: टॅक सुटं घ्यावं की तयार २एक्स मिक्स?

जळगावची_मुक्ता: एमएस्सीचा प्रकल्प आहे. रावेर-यावलकडच्या केळीच्या पानांतून डीएनए काढलाय, बंची टॉप विषाणूसाठी पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवणारी चाचणी) लावायचाय. १० नमुने, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह कंट्रोल. एका ट्यूबला २५ मायक्रोलिटर. टॅक (प्रती बनवणारं एन्झाइम) ५ युनिट प्रति मायक्रोलिटर, किती घालू? सुटं घेऊ की तयार मिक्स? बजेट ४ हजार, खिशातले.

तापीकाठ: तयार २एक्स (दुप्पट तीव्रतेचं, टॅक-बफर आधीच मिसळलेलं) घे ताई. साडेबारा मायक्रोलिटर मिक्स, प्रायमर (जिथून प्रत सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे), डीएनए, बाकी पाणी. मी दुसरं वापरतच नाही.

धुळेकर_दादा: रिअल टाइम मशीनवरच लावा, निकाल थेट स्क्रीनवर दिसतो. आमच्याकडे आल्यापासून जेल ओतणं बंद झालं.

तापीकाठ: भाऊ, बजेट ४ हजार म्हणतेय ती.

चोपडेकर: केळीवर सीएमव्ही (काकडी मोझॅक विषाणू) बघ आधी, आपल्याकडे खरा त्रास त्याचा.

सातपुडा_बायो: तो आरएनए विषाणू, आधी सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) करावा लागेल. बंची टॉपचा जीनोम डीएनएचा, तिचं बरोबर आहे. मुक्ता, हिशोब घे. १२ ट्यूब म्हणजे १३ चं मिक्स कर, पिपेटिंगमध्ये थोडं जातंच. एका ट्यूबला, सगळं मायक्रोलिटरमध्ये: १०एक्स (दहापट तीव्रतेचा) बफर २.५, डीएनटीपी म्हणजे डीएनएचे सुटे घटक (प्रत्येकी १० मिलीमोलर) ०.५, दोन्ही प्रायमर (१० मायक्रोमोलर) १-१, टॅक ०.२५ म्हणजे १.२५ युनिट, पाणी १७.७५. झाले २३, डीएनए २ वेगळा. ०.२५ पिपेटला नीट उचलता येत नाही, १३ चं ३.२५ येतं. टॅक ग्लिसरॉलमध्ये असतं, तळाशी बसतं. शेवटी घाल आणि हलकं वरखाली कर.

शिरपूरकर: १.२५ कशाला? ०.५ युनिटवर माझा बँड (जेलवर दिसणारी डीएनएची रेघ) झकास येतो.

सातपुडा_बायो: शुद्ध प्लाझ्मिडवर येईल. केळीच्या पानात पॉलिफिनॉल असतात, एन्झाइम दबतं.

सावद्याचा_टिश्यूकल्चरवाला: बँड नाही आला तर टॅक वाढवू नका, डीएनए १० पट पातळ करून लावा. आमचं निम्मं काम त्यानेच सुटतं. डीएनए काढतानाच सीटॅबमध्ये (डीएनए काढायचं द्रावण) पीव्हीपी (पॉलिफिनॉल धरून ठेवणारी पावडर) घाला. आणि डीएनटीपीचे छोटे भाग करून ठेवा, मे महिन्यात रात्रभर लाइट गेली नि आमची अख्खी बाटली वाया गेली.

शिरपूरकर: मीही तापीकाठसारखंच म्हणतो, २एक्स घे.

धुळेकर_दादा: टॅकला लागणारं मॅग्नेशियम कोणी सांगितलंच नाही!

सातपुडा_बायो: बरोबर. १०एक्स बफरमध्ये १५ मिलीमोलर असेल तर ट्यूबमध्ये १.५ होतं, वेगळं घालायचं नाही. नसेल तर २५ मिलीमोलरचं १.५ मायक्रोलिटर घाल आणि पाणी तेवढंच कमी कर.

जळगावची_मुक्ता: सगळ्यांचे आभार. सुटंच मागवलं, बफर मॅग्नेशियम नसलेलं. २एक्समध्ये युनिट नि मॅग्नेशियम वेगवेगळं बदलता येत नाही, आणि माझा प्रश्न तोच आहे. पहिल्या फेरीत एकाच नमुन्यावर ०.५ आणि १.२५ युनिट शेजारी लावते, सोबत १० पट पातळ डीएनए.

तापीकाठ: २एक्सच घ्यायला हवं होतं. जेलचा फोटो टाक पण.