आखाडातला पांढरा रस्सा, आणि तुमच्या घरातलं जुनं सढळ हाताचं जेवण

मंगळवारपेठकरीण

आज शुक्रवार. कपडे वाळत घालायला गच्चीत गेले आणि खालून गल्लीतून 'पी ढबाक' वाजंत्री ऐकू आलं. तालमीची पोरं आमच्या कोल्हापूरच्या टेंबलाई देवीला नदीचं नवं पाणी घालायला निघालेली, पुढं डोक्यावर कळश्या घेतलेल्या पोरी. कपडे तसेच राहिले. नाकात पांढऱ्या रश्श्याचा वास आला, आणि आमच्या घरात तर आज वरणभात.

आखाडातलं मटण आमच्याकडं आई नाही, बाबा करायचे. परसात तीन दगडांची चूल. मटण आधी आळणी, म्हणजे बिनमसाल्याचं शिजवायचं. हळद अजिबात नाही, नुसतं आलं-लसूण, मीठ आणि भरपूर पाणी. त्यातली पहिली वाटी आम्हा पोरांना, वर मिरपूड. मग किलोला एक मोठा नारळ फोडून त्याचं दूध, भिजवलेली खसखस, तीळ आणि मूठभर काजू पाट्यावर लोण्यासारखं वाटलेलं. तुपात लवंग, वेलदोडा, दालचिनी, दोन सुक्या मिरच्या. आळणी पाणी त्यात ओतायचं, वाटण घालायचं, आणि नारळाचं दूध शेवटी, आच बारीक करून. इथून पुढं पळी माझ्याकडं. थांबली की रस्सा फुटणार.

बाबा एरवी फार बोलायचे नाहीत. पण त्या अर्ध्या तासात मला हलता यायचं नाही आणि ते पाटावर शेजारी बसलेले. गिरणीतली रात्रपाळी, त्यांच्या आईनं विकलेली म्हैस, पहिल्यांदा बघितलेली खासबागेतली कुस्ती, सगळं मी पळी फिरवत ऐकलंय. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. रस्सा मी करते, पण मिक्सर आणि गॅसवर वीस मिनिटांत उरकते. आज ते वाजंत्री ऐकून फार चुकल्यासारखं झालं.

तुमच्याकडं असं काय होतं? तूप-गूळ-खोबऱ्याचा हिशोब न करता, वेळ घालवून केलेलं. लिहा.

बावडेकर

ताई हळद नाही?? आमच्यात चिमूटभर पडतेच, त्याशिवाय मटणाचा उग्रपणा जात नाही. रंग जरा पिवळसर येतो, येऊ दे की.

आमच्या घरातला मोठा प्रश्न नळीचा. आम्ही तीन भाऊ, ताटात नळ्या दोन. आजी ज्याला नळी नाही त्याला कलेजीचे दोन तुकडे आणि तव्यावरची पहिली भाकरी द्यायची. हळूहळू आम्ही नळी सोडून पहिल्या भाकरीसाठी भांडायला लागलो.

पाटलांची सून

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते.

माझं माहेर नाशिकचं. आम्ही पुरणपोळी दूध-तुपाशी खाणारे. लग्नानंतर पहिल्या होळीला सासूबाईंनी ताटात पोळी ठेवली आणि त्यावर वाटीभर गुळवणी ओतली. मला वाटलं चुकून सांडलं. गुळाचं पाणी, त्यात दूध, सुंठ, वेलदोडा. पोळी त्यात मऊ होऊन बसली, वरून तूप. आता मला दुधाशी पोळी कोरडी लागते. आणि सोबत कटाची आमटी, तीही आपल्या चटणीची, नाकातून पाणी काढणारी. गोड आणि तिखट असं आलटून पालटून चार पोळ्या कधी गेल्या कळत नाही.

सासूबाईंना आता गूळ बंद आहे. तरी पुरण वाटताना शेजारी बसतात, चिमूटभर जिभेवर ठेवतात आणि गूळ कमी की जास्त ते सांगतात. मी ना

झाली शिट्टी. नंतर येते.

नदीकाठचा

शिरोळ तालुका. आमच्याकडं हुग्गी. खपली गव्हाची खीर म्हणतात काही लोक, पण आमच्या घरात हुग्गीच.

खपलीला पाण्याचा हबका मारून उखळात सडायचा, साल सुटेपर्यंत. पाखडून रात्रभर भिजत. सकाळी मोठ्या पातेल्यात शिजत ठेवला की दाणा फुलायला दुपार होते. मग गूळ, ओल्या खोबऱ्याचे काप, खसखस, बडीशेप, सुंठ. गूळ आधी घातला तर गहू मऊ होत नाही, ही चूक प्रत्येक नवीन माणूस करतो. खाताना वर दूध आणि तूप.

2019 ला ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा रात्री ट्रॅक्टरमधून निघालो. आईनं कागदपत्रांची पिशवी घेतली आणि खपलीचं पाच किलोचं गाठोडं. मी ओरडलो तिच्यावर, गहू काय करायचेत म्हणून. ती काही बोलली नाही. परत आलो तेव्हा भांडी वाहून गेलेली, भिंतीला छातीइतका चिखलाचा पट्टा. उखळ मात्र जमिनीत पुरलेलं दगडी, जागचं हललं नव्हतं. आईनं ते चारदा धुतलं, चुलत्यांकडून पातेलं आणलं आणि गल्लीतल्या सगळ्यांना पुरेल एवढी हुग्गी केली. मी ओरडल्याबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, खोबरं चिर.

मंगळवारपेठकरीण

दादा, काय लिहू. आईंना नमस्कार सांगा.

शाहूपुरीतला

वाचून गप्प बसलो. आमचा गाळा व्हीनस कॉर्नरजवळ, 2019 आणि 2021 दोन्ही वेळा पाण्यात. जेवणाचं नंतर लिहितो. दादा, आईंची तब्येत बरी आहे ना आता?

नदीकाठचा

हो, ठणठणीत. आत्ता शेंगा फोडत बसल्यात.

कोथरूडची कोल्हापूरकर

मी पुण्यात राहतो. (बाई आहे, पण कोल्हापूरची, आमच्यात बायकाही असंच बोलतात. ऑफिसात 'मी जेवलो' म्हणालो की सगळे वळून बघतात. सोडणार नाही.)

माझी आठवण चटणीची. इथं लोक त्याला कांदा लसूण मसाला म्हणतात, मला ते कानाला अजून परकं लागतं. मे महिन्यात डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्रावर नंबर लावायचा, पहाटे पाचला डबे घेऊन. रंगाला ब्याडगी, चवीला आणि तिखटाला संकेश्वरी. धणे, खोबरं, तीळ घरी भाजून न्यायचे, कांदा तळलेला, लसूण न सोललेला. डंकाजवळ शिंका येऊन डोळे सुजायचे तरी आई तिथून हलायची नाही, आपल्या मिरच्यांत दुसऱ्याच्या मिसळतील म्हणून. घरी आल्यावर त्या ताज्या, अजून कोमट चटणीत तेल घालून भाकरीशी खायची. दुसरं काही नाही. आईच्या हातची ती एक भाकरी मला कुठल्याही ताटापेक्षा मोठी.

आता आई एसटीनं तीन किलो पाठवते. पार्सल स्वारगेटला घ्यायला गेलो की रिक्षावाले विचारतात, ताई पिशवीत काय आहे.

बावडेकर

@कोथरूडची धण्याचं प्रमाण काय घेता? आमच्या मंडळींची यंदा चटणी काळपट झालीय.

कोथरूडची कोल्हापूरकर

आईला विचारून सांगतो. काळपट झाली म्हणजे खोबरं जास्त भाजलं असेल किंवा कांदा. बरणी आधी उन्हात तापवली होती का?

पाटलांची सून

आले. अर्धवट राहिलेलं सांगते, मी ना त्यांच्यासाठी मुद्दाम पुरण जरा अगोड ठेवते आणि त्या मुद्दाम "अजून घाल" म्हणतात. मग नातवंडांना त्या गुळानं मजा येते.

@नदीकाठचा तुमच्या आईंकडं खपली विकत मिळेल का? इथं दुकानात मिळतो तो पॉलिश केलेला वाटतो.

नदीकाठचा

विकत कशाला, या की घरी. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला आलात की वाट वाकडी करा.

मंगळवारपेठकरीण

सगळ्यांचं वाचत बसले आणि संध्याकाळ झाली. यांना पाठवून मटण आणलंय. मुलीला पळी दिली तर म्हणते आई किती वेळ. म्हटलं अर्धा तास, आणि तिला त्या विकलेल्या म्हशीची गोष्ट सांगायला घेतली. मध्येच फोन आला तिचा, तिनं उचलला नाही.

एक विचारायचंय. उरलेला पांढरा सकाळी तापवला की माझा हमखास फुटतो. काय करता?

बावडेकर

उरतो??

शाहूपुरीतला

ताई थेट गॅसवर ठेवू नका. परातीत उकळतं पाणी घ्या, त्यात पातेलं ठेवा आणि ढवळत राहा. झाकण नको.

मंगळवारपेठकरीण

बरं. दोन वाट्या बाजूला काढून ठेवल्यात.