चाळिशीत आइस हॉकी शिकता येते का? (लेकीच्या नादाने मी पण लागले)

मिसिसागाची_माऊ

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. वय ४१, माहेर सांगली, कॅनडात येऊन ९ वर्षं झाली. लेक ८ वर्षांची, दोन सीझन हॉकी खेळतेय (इथे नुसतं हॉकी म्हटलं की आइस हॉकीच, आपल्या हॉकीला फील्ड हॉकी म्हणायचं, हे डोक्यात बसायलाच मला वर्ष गेलं). शनिवारी पहाटे सहाला रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) पोचायचं, हातात कॉफी, पाय गारठलेले, आधी मी जाम चरफडायचे की कुठून हिला हे वेड लागलं, आणि आता ती झोपलेली असते तरी मी एकटी मॅच लावून बसते. नवरा म्हणतो हिला लीफ्सनी (टोरंटोची टीम) झपाटलंय, आणि झपाटायला पण टीम कुठली तर १९६७ नंतर स्टॅन्ली कप न जिंकलेली!

तर प्रश्न असा की मला आता नुसतं बघायचं नाहीये, खेळायचंय. जन्मात कधी स्केट्स घातले नव्हते. गेल्या महिन्यात एका दुकानातून आणले, तिथल्या पोराने माझ्या बुटाच्याच नंबरचे दिले. रिंकवर कठडा धरून तीन चकरा मारल्या, घोटे सारखे आत वळतात, पाय दुखून दुखून रडकुंडीला आले. वय झालं म्हणून होतंय का हे? मोठेपणी कुणी शिकलंय का इथे?

आणि अजून एक, हसू नका, मला टीव्हीवर पकच (ती काळी रबरी चकती) दिसत नाही. गोल झाल्यावर लोक ओरडले की कळतं.

खवचट_खानदेशी

ताई आधी दात मोजून ठेवा, मग जा खेळायला. मी एकदाच बघितली ती मॅच, दहा मिनिटात दोघांनी ग्लव्हज फेकले आणि रीतसर बुकलाबुकली, अंपायर बाजूला उभा राहून मजा बघतोय. हा काय खेळ झाला? त्यापेक्षा आपलं बॅडमिंटन बरं.

एडमंटनचा_नाना

खानदेशी भाऊ, अंपायर मजा बघत नव्हता, ते दोघं दमायची वाट बघत होता, मध्ये पडला तर त्यालाच बसते. आणि नंतर दोघंही शिक्षा म्हणून पाच-पाच मिनिटं खेळाबाहेर खोक्यात बसतात. माऊताई खेळेल तिथे असलं काही नसतं, मोठ्यांच्या हौशी लीगमध्ये अंगावर जाऊन धडकायलाच बंदी असते बहुतेक ठिकाणी. सकाळी सगळ्यांना ऑफिस असतं हो.

माऊताई, तुझं वयबिय काही झालेलं नाही, तुझे स्केट्स मोठे आहेत. हॉकीचे स्केट्स बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान लागतात. टाच आत हलता कामा नये, बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. सैल स्केट्समध्ये घोटा वळणारच, मी घातले तरी वळेल. परत कर ते आधी. आणि नवीन ब्लेडला धार नसते बरं का, धार लावून आणलीस का? नसशील तर तू तीन चकरा मारल्यास हेच कौतुक.

आता माझं पुराण. आम्ही १९७९ ला एडमंटनला आलो, मी सात वर्षांचा. त्याच साली इथली टीम ऑयलर्स एनएचएलमध्ये (इथली सगळ्यात मोठी लीग) आली, ग्रेट्स्कीला घेऊन, म्हणजे हॉकीचा सचिनच समज. बाबांची हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि १९७५ चा क्वालालंपूरचा वर्ल्ड कप, त्यामुळे पहिल्यांदा रिंकवर नेलं तेव्हा ते म्हणाले ही हॉकी नाही, हा घसरगुंडीवरचा दंगा आहे. पण पोराला शाळेत मित्र हवेत तर हे यायलाच पाहिजे हे त्यांना बरोबर कळलं, आणि दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी मागच्या अंगणात रिंक करायला घेतलं. उणे पंचवीसमध्ये रात्री अकराला बाबा पाइप घेऊन बाहेर! पहिल्यांदा एकदम भरपूर पाणी सोडलं तर वर पापुद्रा आणि खाली पोकळ, पाय ठेवला की कडकड. मग आई खिडकीतून ओरडली, अहो अंगण सारवतात तसं करा, पातळ हात फिरवा, वाळू द्या, मग दुसरा. तसं केलं आणि काचेसारखा बर्फ झाला. शेवटचा हात गरम पाण्याचा द्यायचा, गरम पाणी खालचा थर जरासा वितळवून त्यात चिकटून बसतं. मोठ्या रिंकवर ते झाम्बोनी मशीन फिरतं ना, तेही गरम पाणीच सोडतं मागून. बाबांना हे नंतर कळलं तेव्हा ते आठवडाभर आईला झाम्बोनी म्हणत होते.

मग काय, १९८४, ८५, ८७, ८८, ९० असे पाच कप बघितले या डोळ्यांनी. आणि ९ ऑगस्ट १९८८, ग्रेट्स्कीला लॉस अँजेलिसला विकला तो दिवस. घसरगुंडीवरचा दंगा म्हणणारे आमचे बाबा त्या रात्री ताटावरून उठून गेले. मी आजही आठवड्यातून दोनदा खेळतो, गुडघ्याला पट्टा, मॅच रात्री सव्वादहाला कारण चांगल्या वेळा पोरांना मिळतात आणि आम्हा म्हाताऱ्यांना उरलेल्या.

पकचं सांगतो. पक तीन इंच रुंद, एक इंच जाड, आणि चांगला शॉट ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातो, तो दिसणार कसा? आम्हालाही दिसत नाही. आम्ही माणसं बघतो. सगळ्यांचे खांदे कुठे वळलेत ते बघ, गोलकीपरची मान कुठे आहे ते बघ, पक तिथेच असतो. आणि एक खेळ कर, पक नसलेला एकच खेळाडू धर आणि तो बर्फावर उतरल्यापासून बेंचवर जाईपर्यंत फक्त त्याच्याकडे बघ. पाऊण मिनिटाचा मामला असतो, त्यापेक्षा जास्त कुणी टिकत नाही. चार-पाच वेळा केलंस की सगळा डाव उलगडेल. ग्रेट्स्की अर्धा वेळ गोलच्या मागे जाऊन उभा राहायचा, तिथून त्याला सगळे दिसायचे आणि गोलकीपरला मान कुठे फिरवावी कळायचं नाही.

सातारचा_फौजी

चांगला धागा. ह्या खेळासाठी कॅनडालाच जायला लागतं असं नाही. आम्ही नव्वदच्या दशकात लेहला होतो. करझू तळं गोठलं की डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत तिथे नुसती गर्दी, अकरा हजार फुटांवर. आम्हा सातारकरांना तिथे जिना चढून दम लागायचा आणि ती लडाखी पोरं दिवसभर पळायची बर्फावर. सामान काय, तर फौजी बुटाला खालून लोखंडी पाती ठोकलेली, गोलकीपरच्या पायाला क्रिकेटची पॅडं. मलाही एकदा उभा केला गोलमध्ये कारण मला स्केटिंग येत नव्हतं. पहिलाच पक नडगीवर बसला, पॅड असून तिसऱ्या दिवशीपर्यंत लंगडत होतो. पण खोटं कशाला बोलू, मजा आली.

आता आपल्या मुलींची भारतीय टीम बघा, बहुतेक सगळ्या लडाखच्या. २०१६ ला पहिल्यांदा बाहेर खेळल्या, २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपाइन्सला ४-३ ने हरवून पहिली मॅच जिंकल्या, आणि २०२५ ला यूएईत अल ऐनला आशिया कपमध्ये ब्राँझ. दोन महिन्यांच्या बर्फावर खेळून! आपल्या पेपरात चार ओळी आल्या असतील नसतील.

बर्फीवाली_ओटावा

माऊ, मी ३८ व्या वर्षी सुरू केलं, आता ४६, तेव्हा बिनधास्त ये. नानांनी स्केट्सचं सांगितलंच आहे. हेल्मेट आणि स्केट्स नवीन घे, बाकी सगळं जुनं चालतं, पोरं वाढतात आणि लोक अर्ध्या किमतीत फुंकून टाकतात. गळ्याचा गार्ड मात्र घेच, लीगमध्ये सक्ती नसली तरी. २०२३ ला इंग्लंडमध्ये एका खेळाडूचा गळ्याला ब्लेड लागून मॅच चालू असताना जीव गेला, तेव्हापासून मी त्याच्याशिवाय बर्फावर पाय ठेवत नाही.

आधी पडायला शिक. गुडघ्यावर पड, मागे पडू नकोस. मग थांबायला शिक, ते सगळ्यात अवघड. दोन्ही ब्लेड आडवी करून दाबायची, नारळ खवल्यासारखा कीस उडाला की समज जमलं. मला सात महिने लागले, तोवर मी कठड्यावर आपटूनच थांबायचे, टीममध्ये माझं नाव धडाम पडलं होतं.

अवांतर: सामानाची बॅग घरात बंद ठेवू नकोस. पावसाळ्यात न वाळलेली घोंगडी आणि महिनाभराचे मोजे एकत्र केले तर जो वास येईल तो. मी सांगितलं नाही म्हणू नकोस.

खवचट_खानदेशी

फौजी काका, तुम्ही नडगीवर घेतलेलं वाचून दंडवत. मी बॅडमिंटनवरच ठीक आहे. पण त्या मुलींच्या मॅचचे व्हिडिओ शोधले काल, रात्री दीड वाजला बघता बघता.

मिसिसागाची_माऊ

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! उशीर झाला, पण अपडेट घेऊनच आलेय. स्केट्स बदलून आणले, दीड नंबर लहान, धार लावून. दुकानातला पोरगा आधी वाद घालत होता, मग त्याच्या मॅनेजरने त्यालाच गप्प केलं. आणि काय सांगू, घोटे सरळ! काल मोठ्यांच्या शिकाऊ बॅचचा पहिला तास झाला, आम्ही चौदा जण, एक आजोबा ६३ चे. मी नऊ वेळा पडले, आठ वेळा गुडघ्यावर (बर्फीवाली, थँक्यू) आणि एकदा सपशेल मागे, हेल्मेट नसतं तर कठीण होतं. शेवटच्या पाच मिनिटात पक मारायला दिला, माझ्या काठीला लागून जेमतेम चार फूट गेला, पण गेला हो!

नाना, तुमचा एक खेळाडू धरायचा खेळ परवाच्या मॅचला केला. डिफेन्सचा एक जण धरला, त्याने पकला हातसुद्धा लावला नाही आणि तरी समोरच्याला आत येऊ दिलं नाही. मी एवढे दिवस काय बघत होते मग?

लेक काचेबाहेर उभी होती. घरी येताना गाडीत गंभीर चेहऱ्याने म्हणाली, आई, पडलीस ते ठीक आहे, पण पडताना तू काठी सोडलीस. काठी सोडायची नसते.

एडमंटनचा_नाना

लेक बरोबर बोलली. काठीला वर टेपची गाठ केलीस का? पातीला लावतात तो टेप वेगळा आणि मुठीचा वेगळा, गाठ जाड ठेव म्हणजे हातातून सुटणार नाही. तिलाच विचार, तिला येत असेल.