मदत हवी आहे : तेल्या रोगाविरुद्ध डाळिंबाची स्वतःची प्रतिकारशक्ती कशी जागवावी?

सांगोला तालुक्यात आमची ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाची बाग असून, मृग बहारात (पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या बहारात) पावसाची झड लागली की पानांवर तेलकट डाग दिसू लागतात आणि पुढे फळे तडकतात. तेल्याला कारणीभूत असलेला झँथोमोनास हा जिवाणू पर्णरंध्रांतून किंवा जखमांतून आत शिरतो आणि सुईसारख्या रचनेतून पेशींत प्रथिने सोडून झाडाची संरक्षणयंत्रणाच दडपतो, हे समजल्यापासून केवळ फवारण्या वाढवणे मला अपुरे वाटते. छाटणीची कात्री आम्ही प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करतो. सॅलिसिलिक आम्ल हा वनस्पतींमधील संरक्षणाचा संकेत असल्याने, त्याची फवारणी संसर्गापूर्वी नेमक्या कोणत्या अवस्थेत करावी आणि ताम्रयुक्त औषधांपासून किती दिवसांचे अंतर ठेवावे, हे अनुभवी बागायतदारांनी व वनस्पतिरोगतज्ज्ञांनी कृपया सांगावे.