'अ स्टडी इन स्कार्लेट'मधला चाबूक: खुनी तुम्ही कुठे ओळखलात?

मिरजेची लेक

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळ्यांना ताण नको म्हणून रोज रात्री जेवणं उरकली की मी त्यांना वाचून दाखवते. सध्या शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी चालू आहे, १८८७ची. पुस्तक इंग्रजी आहे, मी परिच्छेद वाचते आणि मराठीत सांगत जाते. (ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं फुटणार आहे.)

बाबा ७८ वर्षांचे. आजोबांचा मिरजेत टांगा होता, स्टेशन ते दर्गा अशी भाडी असायची. शाळा सुटली की बाबा पुढे आजोबांच्या शेजारी जाऊन बसायचे. हे सांगायचं कारण पुढे कळेल.

लंडनमध्ये लॉरिस्टन गार्डन्समधल्या रिकाम्या घरात ड्रेबर नावाच्या माणसाचं प्रेत सापडतं. अंगावर जखम नाही, तरी आजूबाजूला रक्त, आणि भिंतीवर रक्तानं लिहिलेलं 'राखे'. पोलीस डिटेक्टिव्ह लेस्ट्रेडला वाटतं, 'रेचल' लिहायचं राहून गेलं. होम्स सांगतो, हा जर्मन शब्द आहे, अर्थ सूड. चौथ्या प्रकरणात होम्स आणि त्याच्याबरोबर राहणारा डॉ. वॉटसन रात्रीच्या गस्तीवरच्या जॉन रान्स या शिपायाला गाठतात. प्रेत पाहून रान्स बाहेर आला तेव्हा कुंपणाच्या गजांना टेकून एक दारुडा मोठमोठ्यानं गात होता. होम्स विचारतो, त्याच्या हातात चाबूक होता का? नव्हता म्हटल्यावर, "मागे ठेवून आला असेल" असं पुटपुटतो.

मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं तोच बाबा म्हणाले, "थांब. गाडीवानानं मारलंय."

कशावरून, विचारलं. म्हणाले, "दारुड्याच्या हातात चाबूक होता का असं कोण विचारतं गं? गाडी आली होती हे त्याला ठाऊक आहे. गाडीवान कुठं गेला, ते शोधतोय तो."

मी हे पुस्तक कॉलेजात वाचलं होतं आणि चाबकावरून सरळ पुढे गेले होते. म्हणून विचारते, तुम्ही पहिल्या वाचनात कुठे ओळखलंत? आणि कॉनन डॉयलनं वाचकापुढे पुरेसं ठेवलंय का, की खरा पुरावा शेवटपर्यंत स्वतःकडेच ठेवला?

वाचनवेडा

ताई, आधी बाबांना नमस्कार सांगा. मला बेड्या पडेपर्यंत कळलं नव्हतं. ट्रंकेचा पट्टा आवळायला होम्स गाडीवानाला वर बोलावतो, तो खाली वाकतो आणि खटकन बेड्या. मी अक्षरशः मागची पानं उलटून बघितली, हा माणूस याआधी आला कुठे होता म्हणून.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' असं आहे. चाकांच्या खुणा चौथ्या प्रकरणातच सांगितल्यात. आठवडाभर पाऊस नव्हता, आदल्या रात्री पडला, म्हणजे ओल्या मातीत खोल रुतलेली चाकं त्या रात्रीचीच. घोड्याचे तीन नाल जुने, उजव्या पुढच्या पायाचा नवा. पण सगळ्यात मोठी खूण डॉयलनं अगदी शेवटच्या प्रकरणासाठी राखली: घोडा रस्त्यावर भरकटला होता. हाकणारा जागेवर असता तर तसं झालं नसतं. मग हाकणारा कुठे? घरात.

मला मात्र यात लबाडी वाटत नाही, कारण सांगणारा वॉटसन आहे. त्या सकाळी होम्स थेट घरात शिरत नाही. फुटपाथवर येरझाऱ्या घालतो, कधी जमिनीकडे, कधी आभाळाकडे बघतो. वॉटसनला ते नाटकी वाटतं आणि तो तसंच लिहितो. होम्सबरोबर राहायला येऊन त्याला थोडेच दिवस झालेत. त्याला ज्याचा अर्थ लागत नाही तेही तो टिपून ठेवतो, म्हणून तर चाबूक आपल्या हातात पडला. होम्सनं स्वतः लिहिलं असतं तर पहिल्या ओळीतच निकाल लागला असता!

डॉ. सांगलीकर

गोळ्यांबद्दल थोडं. खुनी गाडीवान जेफरसन होपकडे दिसायला सारख्या दोन गोळ्या असतात, एक विषारी, एक साधी. एक तू घे, उरलेली मी घेतो, न्याय देव करील. विष दक्षिण अमेरिकेतल्या बाणांना लावतात त्यातलं. ते क्युरारे धरलं तर अडचण आहे. क्युरारे रक्तात गेलं तर स्नायू लुळे पडून श्वास थांबतो, पण पोटातून ते फारसं शोषलंच जात नाही. त्यानं मारलेल्या शिकारीचं मांस तिथले लोक खातात. गोळी गिळून ड्रेबर तसा तडकाफडकी मेला नसता. डॉयल स्वतः डॉक्टर. विद्यार्थी असताना जेल्सेमियम या विषारी औषधाचे वाढते डोस स्वतः घेऊन त्यानं १८७९मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ला पत्र लिहिलं होतं. इथे त्यानं कथेसाठी सूट घेतली असं मी मानतो.

होपचा अॅन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा) मात्र सुरेख उतरलाय. वॉटसन छातीवर हात ठेवतो आणि आतली धडधड त्याच्या तळहाताला लागते, घरघर कानाला ऐकू येते. या एका जागी होम्सचा नाही, वॉटसनचा हात कामाला येतो. मी शिकत असताना हा परिच्छेद वॉर्डातल्या मित्रांना मोठ्यानं वाचून दाखवला होता.

चहा_आणि_पुस्तक

२०१०ची बीबीसीची मालिका पाहिलीये का कुणी? पहिल्या भागात हीच गोष्ट आजच्या लंडनमध्ये आणलीये. एकामागोमाग आत्महत्या, प्रत्येक वेळी विष, आणि मारणारा टॅक्सीवाला. तिथे 'राखे'चा अर्थ उलटा केलाय: जर्मन सूड म्हणणारा चुकतो आणि 'रेचल' बरोबर ठरतं. पुस्तक वाचलेला माणूस नेमका तिथेच फसतो. मी फसले. टॅक्सी डोळ्यांसमोरून जात होती आणि मी मागच्या सीटवर कोण आहे तेच बघत होते.

मिरजेची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शेवटचं प्रकरण वाचलं. घोडा भरकटल्याचं आलं तेव्हा बाबा उठून बसले. त्यांनी सांगितलं, भाडं घरात पोचवायला आजोबा उतरले की लगाम बाबांच्या हातात द्यायचे. एकदा बाबा लगाम सोडून चिंचा वेचायला उतरले. घोडा आपला हळूहळू पाण्याच्या हौदाकडे निघाला, आणि चाकाच्या धावेची रेघ मातीत वाकडीतिकडी उमटत गेली. आजोबांनी आधी ती रेघ बघितली, मग बाबांकडे.

नालाचंही विचारलं मी. म्हणाले, "नालबंदाकडे नेला की चारी पाय करून आणायचे. एकच नवा म्हणजे वाटेत कुठंतरी निघून पडलेला. असा घोडा मी गावात आवाजावरून ओळखला असता."