छातीत गोळी, हृदय थांबलेलं, आणि वर बर्फगार सलाईन: हे उपचार की प्रयोग?

खणखणीत
गोळी लागून किंवा भोसकल्यामुळे इतकं रक्त गेलं की हृदयच थांबलं, तर फार थोडे वाचतात. मेंदूला पाचेक मिनिटांची मुदत, आणि तेवढ्यात फुटलेली रक्तवाहिनी सापडून शिवून होत नाही. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाचे सर्जन सॅम्युएल टिशरमन यांनी बाल्टिमोरमध्ये यावर चाचणी आखली. छाती उघडून महाधमनीत थंडगार सलाईन सोडायचं, मेंदूची ऑक्सिजनची भूक मंदावावी म्हणून शरीर 10 ते 15 अंशांवर आणायचं, दोनेक तासांत दुरुस्ती उरकायची आणि मग हार्ट-लंग मशीनवर (हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर) रक्त फिरवत ऊब द्यायची. किमान एका रुग्णावर हे केल्याचं त्यांनी 2019 मध्ये सांगितलं. एरवी मरणारच असलेल्या माणसाला हे नाकारायचं कशाच्या जोरावर?

उलटतपासणी
ट्रॉमात, म्हणजे गंभीर इजेत, थंडी ही वैरीण असते हो! शरीर गारठणं, रक्तात आम्ल वाढणं, रक्त न गोठणं या तिघांची युती रुग्णाला संपवते. म्हणून तर रक्त गरम करून चढवतात. आणि तुम्ही निघालात 10 अंशांवर.

खणखणीत
ती युती रक्त फिरत असलेल्या माणसाची. इथे फिरायला रक्त उरलेलंच नाही. महाधमनीच्या कमानीच्या शस्त्रक्रियेत मुद्दाम खोल थंड करून रक्ताभिसरण थांबवतातच की. नॉर्वेत 1999 मध्ये ॲना बोगेनहोल्म बर्फाखालच्या पाण्यात अडकली, तापमान 13.7 अंशांपर्यंत उतरलं, तरी वाचली.

उलटतपासणी
दोन्ही उदाहरणांत आधी थंडी, मग हृदय बंद. तुमच्या रुग्णाचं हृदय आधी थांबतं, थंडी मागून येते. वाद या मधल्या मिनिटांचाच आहे. डुकरं-कुत्र्यांवर हे जमलं, पण ती भूल दिलेली, जखम सर्जनने स्वतः केलेली, घड्याळ हातात. शिवाय थंड करण्याचा गाजावाजा आधीही झालाय: डोक्याच्या इजेवर 2018 ची पोलर चाचणी, हृदय थांबल्यानंतरची 2021 ची टीटीएम-2. दोन्हींत फायदा दिसला नाही.

मधलीवाट
त्या चाचण्या 33 अंशांच्या आसपासच्या. तिथे हेतू सूज वगैरे नंतरचं नुकसान टाळण्याचा होता. इथे पेशींची ऑक्सिजनची भूकच जवळजवळ बंद पाडायची आहे, त्यामुळे त्या निकालांवरून याला नापास करता येत नाही. मला खटकते ती रचना. प्रशिक्षित चमू हजर असेल तेव्हा थंड करायचं, नसेल तेव्हाचे रुग्ण तुलनेला. दोन्हीकडे दहा-दहा माणसं! इतक्यात काय सिद्ध होणार?

उलटतपासणी
आणि संमती? बेशुद्ध माणसाला विचारणार कसं? अशा वेळी संमतीशिवाय चाचणी करायला एफडीए या अमेरिकी औषध नियामक संस्थेची सवलत आहे, त्याआधी समाजाला कळवतात, नको असेल त्याला आधीच नाव काढून घेता येतं. पण गोळी आपल्यालाच लागणार असं धरून कोण नाव काढायला जातो? पॉलिहीम या कृत्रिम रक्ताच्या चाचणीवर याच सवलतीमुळे केवढं काहूर उठलं होतं.

खणखणीत
संमती मिळेपर्यंत थांबलात तर संमती द्यायला माणूस उरत नाही. पाच मिनिटांत नातेवाईक गाठणार कुठे? आक्षेप घ्यायचाच तर मोजणीवर घ्या. 'वाचला' म्हणजे हृदय चालू झालं, की शुद्धीवर येऊन घरच्यांना ओळखलं? चाचणीने दुसरं मोजायला हवं, आणि मेंदू निकामी होऊन जगलेले वेगळे दाखवायला हवेत.