स्कॉट फ्रॉस्टला उद्याच काढावं, की १ ऑक्टोबरपर्यंत थांबावं?

लिंकनकर (धागाकर्ता), शनिवार, १० सप्टेंबर २०२२, रात्री

अमेरिकन कॉलेज फुटबॉल: जॉर्जिया सदर्न विद्यापीठ ४५, आपलं नेब्रास्का विद्यापीठ ४२. तेही आपल्याच मेमोरियल स्टेडियमवर. सीझनच्या सुरुवातीला लहान संघाला पैसे देऊन बोलावतात ते विजय पदरात पडावा म्हणून, आणि या पाहुण्यांना आपण तब्बल १४ लाख डॉलर मोजले. त्यांनी ६४२ यार्डांची आगेकूच केली आणि ३६ सेकंद उरले असताना विजयी टचडाऊन केला. या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण केले की आपण हरत नाही, असा आजवरचा इतिहास होता. २१४ सामने, २१४ विजय. तोही आज संपला.

जे नियमित पाहत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: फ्रॉस्ट २०१८ च्या सीझनपासून आपला हेड कोच आहे. निकाल (विजय-पराभव) असे: ४-८, ५-७, ३-५, ३-९ आणि यंदा १-२. एकूण १६ विजय, ३१ पराभव. चांगल्या संघांना मिळणारा सीझनअखेरचा बोल गेम एकदाही नाही. गेल्या नोव्हेंबरात अॅथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख) ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी त्याला आणखी एक वर्ष दिलं. पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर आणला आणि बायआउटही (मुदतीआधी काढल्यास कोचला द्यायची रक्कम) बदलून घेतला. आज काढलं तर दीड कोटी डॉलर द्यावे लागतील, १ ऑक्टोबरनंतर काढलं तर ७५ लाख.

माझं मत: उद्या सकाळी काढा. ज्याला तीन आठवड्यांनी काढायचं मनात ठरलंच आहे, त्याच्या हाताखाली ओक्लाहोमासमोर पोरांना उभं करणं हा त्या पोरांवर अन्याय आहे.

हिशेबनीस

लिंकनकर, वेळापत्रक बघा. १७ तारखेला ओक्लाहोमा, २४ ला सुट्टी, आणि १ ऑक्टोबरला इंडियाना. म्हणजे मध्ये फक्त एक सामना आहे. त्या एका सामन्यासाठी ७५ लाख डॉलर जास्त मोजायचे? शिवाय तो सामना नवा माणूस तरी कुठे जिंकून देणार आहे! फ्रॉस्टने जावं याबद्दल माझं दुमत नाही. पण हा पैसा तिकीट काढणाऱ्यांचा आणि देणगीदारांचा आहे. नवा कोच आणायला, त्याचे सहायक नेमायला तोच लागणार.

दुसरं असं की, हेड कोच गेला की खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी ३० दिवसांची मुभा मिळते. एनसीएएने (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने) हा नियम ऑगस्टच्या शेवटीच केला. सीझनच्या तिसऱ्या आठवड्यात ते दार उघडायची घाई का?

ओमाहावासी

मला काढणंच मान्य नाही. कारण हा सिनेमा आपण आधी पाहिलाय.

२००३ मध्ये आपले कोच फ्रँक सोलिक यांना काढलं. त्यांचे एकूण आकडे ५८-१९, आणि त्या वर्षीचे ९-३! सांगितलं काय, तर आपल्याला याहून वरचं हवंय. मग बिल कॅलहन आले. पहिल्याच वर्षी सलग ३५ वर्षं चाललेली बोल गेमची परंपरा तुटली, आणि २००७ मध्ये ५-७ करून तेही गेले. मग बो पेलिनी. सात सीझन, प्रत्येकात किमान नऊ विजय. २०१४ मध्ये त्यांनाही काढलं. पुढचे माइक रायली तीन वर्षांत १९-१९. प्रत्येक वेळी कारण एकच, की येणारा यापेक्षा चांगला असेल. सोलिक मात्र ओहायो विद्यापीठात जाऊन १६ सीझन सन्मानाने टिकले.

टॉम ऑस्बर्न यांचं नाव आज मैदानाला आहे. ते हेड कोच झाले तेव्हा ओक्लाहोमाकडून पहिली पाच वर्षं सलग हरले होते. तेव्हाही लोक चिडले होते, पण त्यांना वेळ मिळाला. पुढे तीन राष्ट्रीय विजेतेपदं आली ती त्यातूनच. दर चार वर्षांनी नवा कोच म्हणजे नवी पद्धत, नवी भरती आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात.

लिंकनकर

ओमाहावासी दादा, इतिहास तुम्ही अगदी बरोबर मांडलात. पण सोलिक आणि पेलिनी यांना जिंकत असताना काढलं होतं. ती जखम माझ्याही मनात आहे. मात्र त्याची भरपाई म्हणून हरणाऱ्याला ठेवायचं, हे कुठलं न्यायाचं? ऑस्बर्न ओक्लाहोमाकडून हरत होते तेव्हाही दरवर्षी किमान नऊ सामने जिंकत होते. फ्रॉस्टचे चार पूर्ण सीझन आणि वर तीन सामने मिळून १६ विजय आहेत. दोन्हींना एका पंक्तीत बसवू नका.

अॅन आर्बर मुक्काम

मी मिशिगनचा, पण बोलतो. २०२० मध्ये आमचा कोच जिम हार्बॉ २-४ होता. अर्धं गाव त्याला काढा म्हणत होतं. विद्यापीठाने पगार कापून त्याला ठेवलं, सहायक बदलले. पुढच्याच वर्षी ओहायो स्टेटला हरवलं, बिग टेन ही आपली लीग जिंकली, राष्ट्रीय विजेतेपदाचा प्लेऑफ गाठला. अल्बर्ट्स यांनी गेल्या वर्षी जवळपास हेच केलं. आणि एक सांगतो, गेल्या वर्षी तुमच्या मैदानावर आम्ही ३२-२९ असे जेमतेम सुटलो. तुमचे २०२१ चे नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांचे होते. इतक्या जवळ आलेला संघ मोडू नका.

रेडशर्ट

हार्बॉने त्या वाईट वर्षाआधी तीनदा दहा सामने जिंकून दाखवले होते. फ्रॉस्टने इथे एका सीझनमध्ये पाचच्या वर विजय मिळवलेले नाहीत.

आणि ‘जवळ आलो होतो’ हे मला आता ऐकवत नाही. आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत त्याचा हिशेब ५-२२ आहे. दोन-चार सामन्यांत नशीब आडवं येतं. पण सत्तावीस सामन्यांतले बावीस गेले तर शेवटच्या दहा मिनिटांतले निर्णयच चुकताहेत. यंदाच्या डब्लिनमधल्या सामन्याचंच घ्या. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरमध्ये २८-१७ ने पुढे. डिफेन्सला नुसतं टिकून राहायचं होतं. तिथे त्याने ऑनसाइड किक (चेंडू परत आपल्यालाच मिळावा म्हणून मुद्दाम जवळ मारलेली किक) मारायला लावली. चेंडू त्यांच्या हातात, सामन्याचा नूर पालटला, ३१-२८ ने हरलो. ती किक मारा असं पोरांनी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी ऑफेन्सचे चार सहायक काढले. नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ऑफेन्सचा प्रमुख सहायक) आणला, टेक्सासहून क्वार्टरबॅक (ऑफेन्स चालवणारा मुख्य खेळाडू) आणला. आज ४२ गुण झालेही. तरी हरलो. बदलायचं राहिलेलं आता एकच पद आहे.

प्लॅट नदीकाठची

तुम्ही सगळे आकडे बोलताय, मला माणसाबद्दल बोलायचंय. हा मुलगा वुड रिव्हरचा, आमच्या भागातला. आई-वडील दोघेही कोच. १९९७ च्या १३-० संघाचा क्वार्टरबॅक. ऑरेंज बोलमध्ये पेटन मॅनिंगच्या टेनेसीला ४२-१७ हरवलं, ऑस्बर्न यांचा तो शेवटचा सामना, आणि विजेतेपद मिशिगनबरोबर वाटून घेतलं. सेंट्रल फ्लोरिडाचा संघ २०१५ मध्ये ०-१२ होता, तो त्याने दोन वर्षांत १३-० वर नेला. तेव्हा दुसरीकडे जाता आलं असतं, तो घरी आला.

या राज्यात मोठा व्यावसायिक संघ नाही. १९६२ पासून स्टेडियमची सगळी तिकिटं संपत आली आहेत, त्यामागे हे घरचं नातं आहे. जायचंच असेल तर सीझन पूर्ण करू द्या, शेवटच्या सामन्यानंतर सन्मानाने निरोप द्या. घरच्या माणसाला रविवारी सकाळी दार दाखवू नये.

रेडशर्ट

ताई, तुमची कळकळ पोचली. पण आज स्टेडियममध्ये त्याच्या कानावर जे पडलं, ते आणखी नऊ सामने ऐकायला लावणं हा सन्मान नाही. मोकळं करणंच मायेचं ठरेल.

आणि समोरच्या बाजूला आज कोण उभं होतं ते आठवा. जॉर्जिया सदर्नचे कोच क्ले हेल्टन. गेल्या सप्टेंबरमध्ये यूएससीने (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने) त्यांना दोन सामन्यांनंतर काढलं. यूएससीला नवा कोच शोधायला अख्खा सीझन मिळाला आणि त्यांनी लिंकन रायलीला आणलं. हेल्टनही संपले नाहीत, आज इथे येऊन जिंकून गेले. लवकर काढल्याने दोघांचंही भलं झालं.

हिशेबनीस

यूएससीच्या करारात तीन आठवड्यांनी रक्कम निम्मी होणार होती का? मुद्दा तो आहे.

लिंकनकर, रविवार, ११ सप्टेंबर

बातमी आली. फ्रॉस्टला काढलं. मिकी जोसेफ हंगामी हेड कोच. तेही इथलेच जुने क्वार्टरबॅक, गेल्या डिसेंबरात एलएसयूहून (लुइझियाना स्टेट विद्यापीठातून) सहायक म्हणून आले. नेब्रास्काच्या कुठल्याही खेळातले ते पहिले कृष्णवर्णीय हेड कोच आहेत. अल्बर्ट्स यांनी पैशांपेक्षा पोरांचा विचार केला, मला अभिमान वाटला.

प्लॅट नदीकाठची

वाईट वाटलं. जोसेफ यांना माझा पूर्ण पाठिंबा. पण स्कॉटचं १९९७ कुणी पुसू नका.

ओमाहावासी

निर्णय झाला, मी आता त्यावर भांडत नाही. पण दीड कोटी कुठून आले ते विसरू नका. २०१७ मध्ये सात वर्षांचा साडेतीन कोटींचा करार केला. पहिलं वर्ष ४-८ गेलं, दुसरंही डळमळत होतं, तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये आणखी दोन वर्षं वाढवून दिली, थेट २०२६ पर्यंत. ती वाढ कुणी मागितली होती? एका सीझनमध्ये सहा विजय मिळवण्याआधी करार वाढवायचा नाही, एवढं एक कलम येणाऱ्या कोचच्या कागदावर हवं.

हिशेबनीस

+१. आणि दुसरं कलम: बायआउट दरवर्षी कमी होत जावा, तारखेच्या एका रात्रीत निम्मा नको. नाहीतर पुढच्या वेळी याच तारखेवरून आपण पुन्हा असेच भांडत बसू.

अॅन आर्बर मुक्काम

असं कलम मान्य करणारा चांगला कोच तुम्हाला मिळणार नाही. बाजारात दहा विद्यापीठं त्याच्या मागे असतात. एवढं कडक राहिलात तर तो दुसरीकडे सही करेल.

ओमाहावासी

मग करू दे. करार करताना हात आखडून थोडा कमी नावाजलेला माणूस आणलेला मला चालेल.