मदत हवी आहे: काकाजींच्या स्लाइड्स आणि निगेटिव्हसाठी कोणता स्कॅनर घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या काकाजींना फोटोग्राफीचा जबरदस्त नाद होता. त्यांच्या माघारी दोन लोखंडी पेट्या माझ्याकडे आल्या आहेत आणि काही स्लाइड्सवर कोपऱ्यातून बुरशीची जाळी चढायला लागली आहे. नागपूरचा उन्हाळा कसाबसा निभावेल, पण पावसाळा लागायच्या आत निदान स्लाइड्स तरी स्कॅन व्हायला हव्यात.

पेट्यांत काय आहे ते सांगते. ३५ मिमीच्या रंगीत स्लाइड्स पाच-सहाशे असतील, बहुतेक पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये. ३५ मिमीच्याच कृष्णधवल निगेटिव्हच्या पट्ट्या, त्यातल्या बऱ्याच उटीच्या ‘इंदू’ फिल्मच्या. शिवाय आगफा क्लिक थ्रीवर काढलेले १२० चे रोल, ६ × ६ सेंमीचे चौकोनी फोटो. हे मात्र थोडेच आहेत.

माझा जीव अडकलाय तो स्लाइड्समध्ये. इतवारीहून निघालेली नॅरोगेजची गाडी आहे, मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे (पुतळे) आहेत, दीक्षाभूमीचा स्तूप बांधला जात असतानाचे फोटो आहेत. एका स्लाइडमध्ये घुमटाला परांची बांधलेली आहे आणि वर एक मजूर डोक्यावरचं घमेलं दुसऱ्याकडे देतोय. भिंगातून पाहिलं की त्याच्या मुंडाशाची घडीसुद्धा दिसते. हीच स्लाइड मी नमुना म्हणून एका लॅबमध्ये दिली होती. फाइल आली १८०० × १२०० पिक्सेलची. त्यात मजुराच्या जागी एक तपकिरी ठिपका आणि सावलीचा भाग नुसता काळाकुट्ट. म्हणून घरीच करायचं ठरवलं.

आतापर्यंत जे वाचलं त्यावरून दोन नावं समोर आहेत. एप्सन व्ही ६०० हा फ्लॅटबेड (सपाट काचेवर ठेवून स्कॅन करायचा), त्यात ३५ मिमी आणि १२० दोन्ही चालतात. प्लसटेक ८२००आय फक्त ३५ मिमीसाठी. इन्फ्रारेडने धूळ ओळखायची सोय दोघांतही आहे. जुना निकॉन कूलस्कॅनही काहीजण सुचवतात, पण तो बनणं कधीच बंद झालंय आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार? बजेट साधारण ४० हजार, थोडं ताणता येईल. घरी २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आहे, लेन्स फक्त किटमधली १८-५५.

एकाच यंत्रात तिन्ही होणार असेल तर मला हवंच आहे, पण त्यापायी स्लाइड्सचा तपशील जायला नको. तुम्ही कोणी दोन्ही वापरले असतील तर कृपया सांगा. आणि बुरशी स्कॅनआधी पुसावी की तशीच राहू द्यावी?

प्रतिसाद

ताई, खोक्यावरच्या आकड्यांवर जाऊ नका. व्ही ६०० वर ६४०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) लिहिलंय, पण प्रत्यक्षात तपशील मिळतो १६०० च्या आसपास. तुमची स्लाइड ३६ × २४ मिमीची, म्हणजे हिशेबाने जेमतेम साडेतीन मेगापिक्सेल. प्लसटेकवर ७२०० लिहिलेलं असतं, हाती येतात ३२०० च्या आसपास, पण तेवढ्यात साडेतेरा-चौदा मेगापिक्सेल होतात. तो मजूर तुम्हाला प्लसटेकमध्ये दिसेल, फ्लॅटबेडमध्ये नाही. सावलीतलंही तसंच. स्लाइडचा काळा भाग फार दाट असतो, फ्लॅटबेड तिथे लवकर हात टेकतो.

१२० ची गोष्ट उलटी आहे, तिथे फ्लॅटबेडही पुरतो. फ्रेम प्रत्यक्षात ५६ मिमीची असल्यामुळे १६०० डीपीआयलाही बारा मेगापिक्सेल निघतात, आणि क्लिक थ्रीच्या साध्या भिंगाने त्याहून जास्त काही टिपलेलंच नसतं. म्हणून माझं स्पष्ट मत, स्लाइड्ससाठी प्लसटेक घ्या. एकेक स्लाइड हाताने सरकवावी लागते, वेळ खातो, पण काम चोख.

कृष्णधवल पट्ट्यांना इन्फ्रारेड लावू नका. त्या फिल्ममधली चांदीच इन्फ्रारेड अडवते, मग स्कॅनर चित्रालाच धूळ समजून पुसायला बघतो. इंदूसाठी ती सोय बंद ठेवा आणि ब्लोअर जवळ ठेवा.

बुरशीला पाणी अजिबात लावू नका. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, चित्रच निघून येईल. आधी आहे तसं स्कॅन करून घ्या. मग वाटलं तर एखाद्या बिनमहत्त्वाच्या स्लाइडवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाने हलकेच लावून बघा. जिथे जिलेटिन खाल्लं गेलंय तिथला रंग मात्र कशानेच परत येत नाही. सॉफ्टवेअर आजूबाजूचा रंग ओढून भरतं, इतकंच. पेटीत सिलिका जेल टाका, पण मूळ स्लाइड्स स्कॅन झाल्यावरही फेकू नका.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. आकड्यांचा हिशेब असा कोणीच मांडून दाखवला नव्हता. प्लसटेक पक्का, आणि बुरशीवाल्या स्लाइड्सपासूनच सुरुवात करते. १२० चे रोल तेवढे राहिले. ते डीएसएलआरवर होतील का? लाइट पॅनेल घेईन, पण १८-५५ पुरेल की मॅक्रो लागेलच?

प्रतिसाद

मॅक्रो असलेली बरी. जुनी मॅन्युअल फोकसची चालते, सेकंडहँड बघा. ५६ मिमीची फ्रेम तुमच्या सेन्सरच्या १६ मिमी उंचीत बसवायची म्हणजे १:१ (सेन्सरवर मूळ आकाराइतकंच चित्र) सोडाच, १:३ पर्यंत जाणारी लेन्ससुद्धा पुरते. पॅनेल ९५ च्या वर सीआरआयचं (प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) घ्या. फिल्म वळलेली असणार, ती थेट चकचकीत काचेखाली दाबू नका, इंद्रधनुष्यासारखी वलयं उमटतात. होल्डरमध्ये ताणून धरा आणि कॅमेरा फिल्मला अगदी समांतर आहे ना ते आरसा ठेवून तपासा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की जमलं.